भिंत, मच्छरदाणी, कॉइल आणि पंप : चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांतील कीटकनाशकांचा आढावा

घरातील विषारी रसायनांची चर्चा शहरात निघते तेव्हा ती बहुधा फरशी पुसायचे द्राव, प्लास्टिकचे डबे आणि रंगातील शिसे यांच्याभोवती फिरते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. इथल्या घरातील सर्वांत जुने आणि सर्वांत नियमित रसायन दुकानातून आलेले नाही. ते सरकारने आणले, भिंतीवर मारले आणि तेही माणसांचा जीव वाचवण्यासाठी. पुढे किराणा दुकानातून कॉइल आणि अगरबत्ती आली, कृषी केंद्रातून कपाशी-धानाची औषधे आली, आणि आरोग्य खात्याकडून औषध मुरवलेली मच्छरदाणीही आली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : ती कीटक मारण्यासाठी बनवलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी एकाच रासायनिक गटातली आहेत. घरातील रसायनांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या दोन जिल्ह्यांत मुख्यतः कीटकनाशकांचा प्रश्न आहे. म्हणून हा आढावा तेवढ्यापुरता मर्यादित ठेवला आहे. पार्श्वभूमी काय, कोणाचे म्हणणे काय, पुरावा कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे क्रमाने पाहू.

१. डीडीटीपासून पायरेथ्रॉइडपर्यंत

१९५३ साली देशात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाखांच्या आसपास माणसे दगावतात, असा अंदाज होता. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी दाखवला होता आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले होते. नव्या कार्यक्रमाचा सारा भर याच पांढऱ्या भुकटीवर होता. १९५४ मध्ये हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी डीडीटी बनवण्यासाठीच स्थापन झाली. पुढे तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात रसायनी इथे उभा राहिला.

सुरुवातीचे यश डोळे दिपवणारे होते. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आले आणि १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखावर उतरली. मग गाडी उलटी फिरली. डासांत प्रतिकारशक्ती तयार झाली, पुरवठ्यात खंड पडू लागला, यंत्रणा सैलावली. १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली आणि पुढच्याच वर्षी निर्मूलनाची भाषा सोडून सुधारित योजना स्वीकारावी लागली.

दरम्यान डीडीटीवरचे आक्षेप वाढत होते. रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने या रसायनाचा पर्यावरणातील टिकाऊपणा जगापुढे आणला. भारतात १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीचा वापर थांबवण्यात आला, पण रोगवाहक कीटकांसाठी तो चालू राहिला. भिंतीवर मारले जाणारे दुसरे औषध म्हणजे बीएचसी. त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांबाबतचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली, मात्र रोगनियंत्रणासाठी डीडीटी वापरण्याची सवलत राखून.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हा मलेरियाचा मोठा भार त्याच्याच वाट्याला गेला. जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, अहेरी या तालुक्यांतील ओढे, नाले आणि धानाच्या बांध्या डासांना सोयीच्या. राज्यातील मलेरियाचा मोठा वाटा आजही या एकाच जिल्ह्यातून येतो. गेल्या काही दशकांत इथल्या भिंतींवर डीडीटीची जागा कृत्रिम पायरेथ्रॉइड गटाने घेतली. शेवंतीच्या जातीच्या फुलांतील नैसर्गिक कीटकनाशकाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेला हा गट. डेल्टामेथ्रिन, अल्फासायपरमेथ्रिन आणि लॅम्ब्डासायहॅलोथ्रिन ही त्यातली ठळक नावे.

२. भिंतीवरची फवारणी

फवारणीच्या दिवशी घरात काय घडते ते पाहिले की वादाचे बरेच मुद्दे आपोआप समजतात. आधी सूचना येते. घरातल्यांनी भांडी, धान्य, कपडे, पिण्याचे पाणी बाहेर काढायचे किंवा झाकायचे आणि जनावरे सोडायची. फवारणी कर्मचारी बादलीत दहा लिटर पाण्यात भुकटी कालवतात. पन्नास टक्के शक्तीची डीडीटी असेल तर एक किलो, अडीच टक्क्यांची डेल्टामेथ्रिन असेल तर चारशे ग्रॅम. एवढ्यात पाचशे चौरस मीटर भिंत व्हावी असे गणित असते. म्हणजे डीडीटीचा थर चौरस मीटरमागे एक ग्रॅम पडतो, डेल्टामेथ्रिनचा वीस मिलिग्रॅम. पन्नास पट कमी. रक्त पिऊन भिंतीवर विसावलेला डास त्या थरावर बसतो आणि मरतो. थराचा असर साधारण दहा आठवडे धरला जातो, म्हणून मोसमात दोन फेऱ्या होतात. तोवर भिंत सारवू नका, पोतारू नका, असे सांगून मंडळी पुढच्या घराकडे जातात.

अडचण इथेच सुरू होते. मातीची भिंत सारवणे हा घराच्या निगेचा भाग आहे, सणासुदीचा रिवाज आहे. भिंत सारवली की औषध शेणमातीखाली गाडले जाते. देव ठेवलेल्या खोलीत परक्या माणसाने शिरू नये, असे अनेक घरांत मानतात. कोठीत वर्षाचे धान भरलेले असेल तर ते हलवणे सोपे नाही. वासाची, डागांची तक्रार असते. डीडीटीच्या काळात फवारणीने ढेकूणही मरत, त्यामुळे लोक तिचे स्वागत करत. पुढे ढेकूण औषधाला दाद देईनात आणि लोकांचा उत्साह ओसरला. हा अनुभव देशाच्या अनेक भागांतून नोंदला गेला आहे.

भिंतीवरच्या फवारणीबाबत तीन भूमिका दिसतात.

पहिली सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांची. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार लहान मूल आणि गरोदर बाईला काही दिवसांत नेऊ शकतो. त्यापुढे भिंतीवरच्या अल्प मात्रेचा संभाव्य धोका दुय्यम आहे, असे ही बाजू मानते. दक्षिण आफ्रिकेचा दाखला तिच्या बाजूने दिला जातो. तिथे १९९६ मध्ये डीडीटी सोडून पायरेथ्रॉइड घेतल्यावर, त्याला दाद न देणारा डास परतला, मलेरिया उसळला आणि २००० मध्ये डीडीटी पुन्हा आणावे लागले. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरातील फवारणीसाठी डीडीटीला पाठिंबा दिला. नंतरच्या भूमिकेत मात्र पर्याय मिळेपर्यंत आणि काळजीपूर्वक, ही अट ठळक झाली.

दुसरी भूमिका पर्यावरण-आरोग्याच्या अभ्यासकांची. डीडीटी चरबीत साठते, आईच्या दुधातून बाळाकडे जाते आणि वर्षानुवर्षे टिकते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. कॅलिफोर्नियातील दीर्घकालीन अभ्यासात, कोवळ्या वयात किंवा आईच्या पोटात असताना डीडीटीशी अधिक संबंध आलेल्या स्त्रियांत पुढे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात फवारणी झालेल्या गावांतील नवजात मुलग्यांत मूत्र-जननमार्गाचे जन्मजात दोष अधिक दिसले. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांतून संबंध दिसतो, कारण निर्विवाद सिद्ध होत नाही. पण बाळाच्या बाबतीत पुराव्याची वाट पाहत बसण्यापेक्षा सावधगिरी बरी, असे या बाजूचे म्हणणे आहे.

तिसरी भूमिका गावपातळीवर काम करणाऱ्यांची. त्यांच्या मते रसायन कोणते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ताप आल्यापासून औषध मिळेपर्यंत किती वेळ जातो हा. आशाताईंच्या हाती तपासणी किट आणि आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या असतील, त्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या टोल्यावर पोचत असतील, तर डासाला संसर्ग करणारा रुग्णच लवकर बरा होतो. प्रशिक्षित गावकरी घरी जाऊन उपचार करू शकतो, हे गडचिरोलीत आधीच दाखवून झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये उभ्या केलेल्या ‘सर्च’ संस्थेचे बालकांच्या न्यूमोनियावरचे काम १९९० मध्ये आणि नवजात बाळांच्या घरगुती काळजीवरचे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ही बाजू फवारणीच्या विरोधात नाही. फवारणीवर सगळी भिस्त ठेवण्याच्या विरोधात आहे.

३. मच्छरदाणी : कमी रसायन, पण रसायनच

धाग्यातच पायरेथ्रॉइड मुरवलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या देशाच्या मलेरिया कार्यक्रमात २००९ पासून वाटल्या जाऊ लागल्या. कागदोपत्री त्यांचे आयुष्य तीन वर्षांचे किंवा वीस धुण्यांचे. त्यांच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे : औषधी मच्छरदाण्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा बालमृत्यू सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे दिसले. ओडिशात मोठ्या वाटपानंतर, २०१७ पासून, मलेरिया झपाट्याने खाली आला. मात्र तिथे त्याच सुमारास दुर्गम गावांत तपासणी-उपचाराची शिबिरेही होती. श्रेय कोणाला किती, हे वेगळे काढता येत नाही.

जंगलपट्ट्यातील खरी अडचण मच्छरदाणीखाली माणूस नसण्याची आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला आणि पुढे धानाच्या राखणीला माणसे रात्री घराबाहेर असतात. माडिया आणि गोंड वस्त्यांतील कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी, घरांच्या यादीत धरले नाही तर तिथे ना फवारणी होते ना मच्छरदाणी पोचते. घर सुरक्षित करण्याच्या मोजमापात घर कशाला म्हणायचे, हा प्रश्न इथे अगदी व्यावहारिक आहे.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहता मच्छरदाणीतून शरीरात जाणारी मात्रा अल्प असते. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत वाळवली नाही तर अंगाला खाज किंवा चेहऱ्याला चुरचुर होऊ शकते, ती तात्पुरती असते. मोठा धोका पाण्यातील जिवांना आहे. पायरेथ्रॉइड माशांना फार विषारी असल्याने मच्छरदाणी बोडीत (शेतातील लहान तळ्यात), माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावात किंवा नाल्यात धुऊ नये, असे सूचनांत स्पष्ट असते. ज्या भागात बोडीतील मासळी हे रोजचे कालवण आहे, तिथे ही सूचना तळटीप म्हणून देऊन भागणार नाही.

४. किराणा दुकानातला माल

सरकारी मच्छरदाणी अपुरी पडली, फाटली किंवा गैरसोयीची वाटली की घर बाजाराकडे वळते. कॉइल, वीज असेल तिथे द्रवाची मशीन, फवाऱ्याचा डबा, झुरळ-मुंग्यांचा खडू, डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध. खेड्यातल्या लहान दुकानातही यांतले बरेच काही मिळते.

कॉइलमधील अ‍ॅलेथ्रिनसारख्या औषधापेक्षा तिच्या धुराची चिंता अधिक आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांएवढे भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननेही बंद खोलीतील कॉइल आणि अगरबत्तीच्या धुराकडे लक्ष वेधले आहे. ही तुलना कणांच्या वस्तुमानाची आहे. कॉइल लावणारा माणूस शंभर सिगारेटी ओढतो असा तिचा अर्थ नाही, कारण सिगारेटचा धूर थेट फुप्फुसात जातो आणि कॉइलचा खोलीत पसरतो. तरी दार-खिडकी लावून रात्रभर कॉइल जाळणे सुरक्षित म्हणता येत नाही, यावर फारसे दुमत नाही.

द्रवाच्या मशीनमधून धूर निघत नाही म्हणून ती बरी, असे उत्पादक सांगतात आणि कणांपुरते ते खरे आहे. तिची बाटली लहान मुलाच्या हाती लागली तर धोका वेगळा : तिच्यातील द्रावक रॉकेलच्या जातीचा असतो आणि तो पोटापेक्षा फुप्फुसात गेल्यास जास्त घातक. डासांच्या स्वस्त अगरबत्त्यांत भारतात नोंदणी नसलेली कीटकनाशके आढळल्याच्या तक्रारी गेली काही वर्षे येत आहेत. या एका बाबतीत मोठे उत्पादक आणि त्यांचे टीकाकार एकाच बाजूला उभे दिसतात.

डांबराच्या गोळ्यांचा मुद्दा या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी फुटून तीव्र कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. ही कमतरता मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते; मलेरियावरचे प्रायमाक्विन हे औषध देतानाही तिचाच विचार करावा लागतो. बाळाचे दुपटे डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवू नये, हे सांगायला आरोग्यसेविकेला एक मिनिट लागेल. पिवळ्या फॉस्फरसचे उंदराचे औषध याहून भयंकर. पोटात गेल्यावर एक-दोन दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. त्यावर उतारा नाही.

५. शेतातून घरात

चंद्रपूरच्या वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना पट्ट्यात कपाशी आहे. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात धान. दोन्ही पिकांची औषधे ठेवायला वेगळे गोदाम लहान शेतकऱ्याकडे नसते. ती घरातच असतात, कधी पडवीत, कधी माळ्यावर, कधी पेरणीच्या बियाण्याशेजारी.

या वाटेने येणाऱ्या धोक्याची तीव्रता २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने दाखवली. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन मिश्रण, डायफेन्थियुरॉन यांच्यासह पाच औषधांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. कारणांबाबत एकमत झाले नाही. कंपन्यांनी आणि काही अधिकाऱ्यांनी चुकीचे मिश्रण, जास्त दाब देणारे पंप आणि संरक्षक कपड्यांचा अभाव यांवर बोट ठेवले. शेतकरी संघटना आणि स्वयंसेवी संस्थांनी विचारले, की दमट उकाड्यात डोक्याएवढ्या उंच कपाशीत जे कपडे घालून काम करता येत नाही, त्यांच्या भरवशावर इतके विषारी औषध विकायला परवानगी का असावी? एका औषधाबाबतचा वाद पुढे स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत गेला.

घराच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे : हाताशी असलेले विष आणि आत्महत्या. औषध कुलुपात ठेवावे हा सल्ला सगळे देतात. श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलुपाच्या पेट्या देऊन मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षात पेट्यांमुळे विष घेण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. उलट त्याच देशात अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे मृत्यू ठळकपणे कमी झाले. लहान मुलांच्या अपघातांसाठी कुलूप उपयोगी आहेच, पण संकटात सापडलेल्या प्रौढाच्या बाबतीत पुरावा औषधच बदलण्याच्या बाजूने झुकतो.

६. धुराचा पर्याय

रसायन नको म्हणून कडुनिंबाचा पाला किंवा निर्गुडी जाळावी, असे सुचवले जाते. पाल्याच्या धुराने डास काही वेळ दूर राहतात. पण या भागातील घरांत चुलीचा धूर आधीच आहे आणि चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात काही घरांत शेगडीत दगडी कोळसाही जळतो. घरात कोळसा जाळण्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे, लाकूडफाट्याला बहुधा कर्करोगकारक. घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर अनेक घरांत पोचवला, मात्र पुन्हा भरून आणायचा खर्च आणि फुकट मिळणारे सरपण यांच्या हिशेबात चूल टिकून आहे. ‘नैसर्गिक’ धूर म्हणजे निरुपद्रवी धूर नव्हे, एवढे इथे नोंदवणे पुरे.

७. कायदा काय सांगतो

१९५८ मध्ये केरळात आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन सांडलेले पीठ आणि साखर खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मला. त्यानुसार प्रत्येक कीटकनाशकाची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंद लागते आणि वेष्टनावर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन असतो. लाल सर्वांत घातक. २००८ आणि २०२० मध्ये या कायद्याची जागा घेऊ पाहणारी विधेयके संसदेत मांडली गेली. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्येच बंदी होती, तरी २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात त्याने दूषित झालेले शाळेतील जेवण खाऊन २३ मुले दगावली. कागदावरची अट स्वयंपाकघरापर्यंत आपोआप पोचत नाही.

लेबलाचा प्रश्न या दोन जिल्ह्यांत अधिक टोकदार आहे. बारीक अक्षरातील सूचना मराठी-हिंदीत असली तरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाईपर्यंत ती जाणार कशी? रंगाचा चौकोन तिच्यासाठीच आहे, पण त्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला असेल तरच.

८. न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न प्रतिकारशक्तीचा. गुजरात आणि गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधून, मलेरिया पसरवणारा क्युलिसिफेसिस डास पायरेथ्रॉइडला दाद देत नसल्याच्या नोंदी आहेत. भिंत, मच्छरदाणी आणि कॉइल तिन्ही याच गटावर उभ्या असतील तर तो गट निकामी झाल्यावर हाती काय उरेल? दुसरे रसायन मिसळलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. त्या महाग आहेत.

दुसरा प्रश्न दीर्घकालीन परिणामांचा. पायरेथ्रॉइड शरीरातून लवकर बाहेर पडते म्हणून ते डीडीटीपेक्षा बरेच सुरक्षित मानले जाते. पण रोज थोडे थोडे येत राहिले तर? अमेरिकेतील एका पाहणीत लघवीत त्याचे अंश जास्त असणाऱ्यांत हृदयरोगाचे मृत्यू अधिक दिसले. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात गरोदरपणातील संपर्क आणि मुलांचा विकास यांचा संबंध तपासला गेला. दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष आणखी पडताळणी मागतात, आणि दोन्ही ठिकाणची घरे भामरागडच्या घरासारखी नाहीत.

तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : बेरजेचा. एका घराचा हिशेब मांडून पाहावा. भिंतीवर डेल्टामेथ्रिन, मच्छरदाणीत अल्फासायपरमेथ्रिन, कॉइलमध्ये अ‍ॅलेथ्रिन, मुंग्यांच्या खडूत पुन्हा पायरेथ्रॉइड, बैलाच्या गोचिडांवर सायपरमेथ्रिनचा द्राव, कपाशीवर लॅम्ब्डासायहॅलोथ्रिन. भिंत आणि मच्छरदाणी आरोग्य खात्याकडे, पिकाचे औषध कृषी खात्याकडे, जनावरांचे पशुसंवर्धनाकडे, कॉइल बाजाराकडे. प्रत्येक जण आपापल्या वस्तूची मात्रा तपासतो आणि ती सुरक्षित ठरते. पण ही सगळी औषधे ज्या खोलीत आणि ज्या अंगावर एकत्र येतात, तिथली बेरीज करणे कोणत्याही एका खात्याचे काम नाही. डासाच्या बाजूनेही हीच बेरीज चालू असते : शेतात, गोठ्यात आणि घरात त्याला एकाच गटाचा मारा मिळतो आणि प्रतिकार पक्का होत जातो.

९. तोवर घरात काय करता येईल

वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागू नये अशा काही गोष्टी आहेत आणि त्यांवर सर्व बाजूंचे बऱ्यापैकी एकमत आहे. फवारणीच्या दिवशी धान्य-पाणी झाकावे आणि पुढचे अडीच-तीन महिने निजायच्या खोलीच्या भिंती सारवू नयेत. सारवायच्याच तर फवारणीच्या आधी. सणाचे दिवस पाहून फवारणीची तारीख ठरवणे खात्याच्या हातात आहे. मच्छरदाणी साध्या साबणाने घरी धुऊन सावलीत वाळवावी. ती शेतात, जंगलात आणि कुर्माघरातही सोबत न्यावी. मच्छरदाणी वापरणाऱ्या घराला कॉइलची गरज बहुतेक नसते. लावायचीच तर खिडकी उघडी ठेवून, बाळापासून दूर.

शेतीचे औषध मूळ डब्यातच ठेवावे. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेले औषध मुलांच्या पोटात जाते. रिकामा डबा तीनदा विसळून, भोक पाडून निकामी करावा. पंप विहिरीवर किंवा बोडीत धुऊ नये आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. अंगावर औषध सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. रॉकेल किंवा मशीनचा द्रव पोटात गेला तर उलटी करवू नये. डबा किंवा लेबल सोबत घेऊनच दवाखाना गाठावा, कारण उपचार औषधाच्या गटावर ठरतो. सेंद्रिय फॉस्फरस गटावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे आणि तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो.

घराने करायच्या गोष्टींची ही यादी लांब आहे. यंत्रणेने करायची लहान आहे, पण ती घराला स्वतः करता येण्याजोगी नाही. डास कोणत्या औषधाला दाद देतो याची तालुकावार तपासणी करून निकाल ग्रामसभेपुढे ठेवणे. विषबाधेच्या रुग्णाच्या नोंदीत औषधाचे नाव आणि ते घरात कुठून आले हे लिहिणे. आणि आरोग्य, कृषी व पशुसंवर्धन या तीन खात्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एकाच गावात कोणते रसायन किती जाते याचा ताळेबंद मांडणे. यांतील एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. मलेरिया की रसायन, अशी निवड पुढे करून हा वाद बराच काळ अडकून पडला आहे. असा ताळेबंद हाती आला तर कोणत्या गावात कोणते रसायन गाळता येईल आणि कोणते ठेवावेच लागेल, यावर अंदाजाऐवजी आकड्यांनी बोलता येईल.